सेल्टा, एडिनबरा: महाग, दमवणारा, तरीही चार तारे

आधी निकाल सांगून टाकते. स्वतःचं इंग्रजी सुधारायला परदेशात जायचं असेल, तर सेल्टाच्या, म्हणजे इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठीच्या प्रशिक्षण कोर्सच्या, वाटेला जाऊ नका. इंग्रजी शिकवायचं कसं हे शिकायचं असेल आणि त्याआधी कुठेतरी एखाद-दोन वर्षं फळ्यापुढे काढली असतील, तर थोडं कर्ज काढूनही जा. माझ्याकडून पाचपैकी चार तारे.

माझी पार्श्वभूमी सांगते, म्हणजे हे कुठल्या चष्म्यातून लिहितेय ते कळेल. इंग्रजीत एम.ए., मग बी.एड., मग बार्शीकडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर. तासिका तत्त्व म्हणजे काय ते भोगलेल्यांना माझी घाई समजेल. मला मोठ्या माणसांना शिकवायचं होतं: बाहेरदेशी निघालेल्या नर्सेस, मुलाखतीला घाबरणारी इंजिनियर पोरं. बी.एड.मध्ये त्यांच्याबद्दल चकार शब्द नव्हता.

सेल्टा हे केंब्रिजचं सर्टिफिकेट. याचं मूळ 1962 मध्ये लंडनच्या इंटरनॅशनल हाउसमध्ये जॉन हेक्राफ्ट यांनी सुरू केलेल्या छोट्या प्रशिक्षणवर्गात आहे; सेल्टा हे नाव 1996 पासूनचं. पूर्णवेळ केला तर चार ते पाच आठवडे. साधारण 120 तासांचं काम, त्यात 6 तास स्वतः शिकवायचं, 6 तास मुरलेल्या शिक्षकांचे वर्ग मागे बसून बघायचे आणि 4 लेखी असाइनमेंट्स. मातृभाषा इंग्रजी असण्याची अट नाही, पण प्रवेशाआधी एक लेखी काम देतात आणि मुलाखत घेतात. लेखी परीक्षा नाही. निकाल पास, पास बी, पास ए किंवा नापास. ब्रिटनमध्ये फी साधारण दीड ते दोन हजार पौंडांच्या घरात जाते. विमान, खोली, जेवण वेगळं.

एडिनबऱ्यातल्या ज्या शाळेत मी हा कोर्स केला, तिचं नाव लिहीत नाही. हा अभिप्राय शाळेपेक्षा कोर्सचा आहे, आणि कुठल्याही सेंटरला गेलात तरी ढाचा हाच असतो.

खरा कोर्स म्हणजे टीपी, टीचिंग प्रॅक्टिस. सकाळी आमचे वर्ग, दुपारी आम्ही शिकवायचं. विद्यार्थी खरे, गावातले. फुकट वर्ग म्हणून आलेले. माझ्या वर्गात स्पेनचा एक वेटर, मुलं सांभाळणारी ब्राझीलची एक मुलगी, एक कोरियन आजोबा, दोन-तीन अरबी बोलणाऱ्या बायका. एकाची भाषा दुसऱ्याला येत नाही आणि मला त्यांच्यातली एकही येत नाही. मागच्या ओळीत ट्रेनर आणि माझेच सहकारी वह्या उघडून बसलेले. पंचेचाळीस मिनिटं. तास संपला की सगळे गोल करून बसतात आणि तुमच्या तासाची चिरफाड होते. आधी तुम्ही स्वतः बोलायचं, मग सहकारी, मग ट्रेनर. 'छान झालं हो मॅडम' हा प्रकार नाही. अपमानही नाही. 'सतराव्या मिनिटाला तू सूचना दिलीस, तेव्हा डावीकडच्या दोघांनी काय केलं ते पाहिलंस का?' असा प्रश्न येतो, आणि ट्रेनरच्या वहीत त्या दोघांनी काय केलं ते लिहिलेलं असतं.

आपल्याकडे चांगला शिक्षक म्हणजे जो छान समजावतो. इथे समजावणं हा शेवटचा उपाय. 'आय यूज्ड टू स्मोक' शिकवायचंय, तर नियम सांगायचा नाही. चित्र दाखवायचं, प्रसंग उभा करायचा, वाक्य त्यांच्याकडून काढून घ्यायचं आणि मग विचारायचं: तो आता ओढतो का? पूर्वी ओढायचा का? एकदाच की नेहमी? तीन छोटे प्रश्न, आणि कोरियन आजोबांच्या चेहऱ्यावर कळतं की पोचलं की नाही. 'समजलं का?' हा प्रश्न तर बंदच, कारण त्याला जगातला प्रत्येक विद्यार्थी 'हो' म्हणतो. बार्शीतही म्हणतात.

या प्रश्नांना ते कन्सेप्ट चेकिंग म्हणतात, आणि ते तयार करणं वाटतं तितकं सोपं नाही. संध्याकाळी जॉर्ज फोर्थ ब्रिजवरच्या सेंट्रल लायब्ररीत बसून मी पानंच्या पानं प्रश्न लिहून खोडायची. (अँड्र्यू कार्नेगीच्या पैशातून 1890 मध्ये उभी राहिलेली वास्तू. आत ऊब आहे, फुकट आहे आणि कोणी 'कार्ड दाखवा' म्हणून हटकत नाही. फीच्या हिशोबात हिलाही धरा.) मातृभाषेचा आधारच नसल्यामुळे हे करावं लागतं. बार्शीच्या वर्गात मराठीत एक वाक्य टाकून मी पुढे गेले असते. परदेशात जाऊन हा कोर्स करण्याचं सगळ्यात मोठं कारण मला हेच वाटतं. आता तो पूर्ण ऑनलाइनही होतो आणि खर्च बराच वाचतो, पण अनोळखी भाषांचे लोक एका खोलीत तुमच्या तोंडाकडे बघत बसलेत, हा दाब स्क्रीनवर तसा येत असेल असं मला वाटत नाही.

एक गंमत. आमच्या गटात ब्रिटिश जास्त होते आणि पहिल्या दिवशी मी त्यांच्यासमोर दबून बसले होते. मग व्याकरणाची असाइनमेंट आली. थर्ड कंडिशनल, पास्ट परफेक्ट, पॅसिव्ह. ज्यांची मातृभाषा इंग्रजी, तेच रात्री मला मेसेज करून विचारायला लागले. आठवी-नववीत 'डू ॲज डायरेक्टेड'मध्ये घासलेलं सगळं कामाला आलं. ते वाक्य बरोबर बोलत, पण का बरोबर ते सांगता येत नसे. माझं नेमकं उलट. ट्रेनर म्हणाल्या, भाषा शिकून आलेल्या शिक्षकाला विद्यार्थी कुठे अडखळेल ते आधीच दिसतं. उगाच धीर देण्यासाठी म्हणत नव्हत्या, तसं माझ्या रिपोर्टमध्येही उतरलंय.

उच्चारांची धास्ती असेल तर ती घरी ठेवून जा. ॲड्रियन अंडरहिल यांचा ध्वनींचा तक्ता भिंतीवर असतो, त्यावर बोट ठेवून काम चालतं. आपल्या व्ही आणि डब्ल्यूच्या घोळाकडे लक्ष वेधलं जातं, शब्दातला आघात कुठे येतो यावर तर फारच. पण 'ब्रिटिश बोला' असं कोणी म्हणत नाही. एडिनबऱ्यात म्हणणार तरी कोण? तिथले लोक स्वतःच र खणखणीत उच्चारतात. लंडनच्या इंग्रजीपेक्षा हे इंग्रजी माझ्या कानाला जवळचं वाटलं, बसड्रायव्हर सोडून.

टास्क-बेस्ड लर्निंगचा तास होता, म्हणजे आधी काम द्या, भाषा त्यातून येईल. मी हे पक्कं विलायती समजून लिहून घेत होते आणि ट्रेनरनी फळ्यावर नाव लिहिलं: एन. एस. प्रभू. 1979 ते 1984 या काळात दक्षिण भारतातल्या साध्या शाळांच्या वर्गात त्यांनी हा प्रयोग केला, बेंगलोर प्रोजेक्ट म्हणून तो जगभर शिकवला जातो. माझ्या एम.ए.त नाही, बी.एड.मध्ये नाही, प्रभूंची ओळख स्कॉटलंडमध्ये व्हायची होती. मला थोडा रागच आला, आणि तो ट्रेनरवर नव्हता.

आता पाचवा तारा. सेल्टा बारा-पंधरा मोठ्या माणसांच्या, हलत्या खुर्च्यांच्या वर्गासाठी बेतलेला आहे. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, आणि पुढे अकरावीत साठ-सत्तर मुलं जमिनीला ठोकलेल्या बाकांवर दाटीनं बसलेली असतात. तिथे 'उठा, फिरा, पाच जणांशी बोला' कसं करायचं, याला कोर्समध्ये उत्तर नाही. सगळ्या वर्गाची भाषा एकच असेल तर तिचा शहाणपणाने वापर कसा करावा, यावरही जेमतेम चर्चा होते. जगातले बहुतेक इंग्रजीचे वर्ग असेच असतात, त्यामुळे ही उणीव मला छोटी वाटत नाही. शिवाय सेल्टा बी.एड.ला पर्याय नाही. जिल्हा परिषदेची किंवा अनुदानित शाळेची नोकरी हवी असेल तर हा कागद तिथे कोणी विचारणार नाही. खासगी भाषासंस्था, आखाती देश, व्हिएतनाम, ऑनलाइन शिकवणी इथे मात्र तो चालतो.

व्हिसा: सहा महिन्यांपर्यंतचा अभ्यास मान्यताप्राप्त संस्थेत असेल तर स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसावर होतो. त्यावर काम करता येत नाही, तेव्हा 'तिथे गेल्यावर कॅफेत चार पैसे काढू' हा बेत डोक्यातून काढा. तसाही वेळ मिळत नाही. रात्री लेसन प्लॅन आणि सकाळी प्रिंटरसमोर रांग. ऑगस्ट टाळा, कारण नाटक-संगीताच्या मोठ्या फेस्टिव्हलमुळे एडिनबऱ्यात खोल्यांची भाडी आभाळाला भिडतात. मी एप्रिलमध्ये गेले. समुद्रावरून धुकं आलं की समोरचा किल्ला नाहीसा होतो. अंगावर स्वेटर हवाच. रोजच्या जेवणासाठी छोटा कुकर नेला होता, त्याच्यावर घरमालकीणबाईंचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. शिट्टी झाली की त्या मागच्या दाराने अंगणात.

कुठल्याही शाळेत फी भरण्याआधी ईमेल करून दोन गोष्टी नक्की विचारा. टीपीच्या वर्गाला रोज प्रत्यक्षात किती विद्यार्थी येतात? फुकट वर्ग असल्यामुळे पावसाळी शुक्रवारी तिघेच आले तर तुमचा गटकामाचा सगळा प्लॅन कोसळतो, आणि मूल्यमापन मात्र त्याच तासाचं होतं. आणि एका ट्रेनरमागे किती प्रशिक्षणार्थी आहेत? आकडा न देता 'ग्रुप छोटाच असतो' असं मोघम उत्तर आलं, तर दुसरी शाळा बघा.