बिलात असलेला आणि भिंतीवर नसलेला प्राइमर

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले, तेव्हा आमच्या घराचा तळमजला छातीइतक्या पाण्यात बुडाला होता. गाळ उपसल्यावर खालचा जुना गिलावा हाताने ओढला तरी सुटून येऊ लागला, म्हणून सप्टेंबरमध्ये पाच फूट उंचीपर्यंत तो काढून नवा केला. दिवाळीपूर्वी रंग व्हावा अशी आई-वडिलांची इच्छा होती. त्या वर्षी गावात प्रत्येकाचेच घर दुरुस्तीला आल्यामुळे रंगारी मिळणे कठीण झाले होते, आणि जो ठेकेदार तयार झाला त्याला आम्ही फारशी चौकशी न करता काम दिले. त्यातून झालेली फसवणूक इतरांच्या वाट्याला येऊ नये, यासाठी ती सविस्तर लिहीत आहे.

ठेकेदाराने दोन्ही मजल्यांच्या मिळून 3,400 चौरस फूट भिंतींना प्राइमरचा, म्हणजे रंगाखाली देतात त्या लेपाचा, एक हात सांगितला आणि त्याचे चौरस फुटाला पाच रुपयांप्रमाणे 17,000 रुपये लावले. प्राइमर कुठे आवश्यक आहे आणि कुठे नाही, हा प्रश्न आम्ही विचारलाच नाही. वरच्या मजल्यावर तीन वर्षांपूर्वीचा इमल्शन (पाण्यात मिसळणारा) रंग होता. तो कुठेही सुटलेला नव्हता, हात फिरवला तर भुकटी लागत नव्हती आणि नवा रंगही त्याच जातीचा व त्याच छटेचा द्यायचा होता. अशी भिंत धुऊन, हलका पॉलिश पेपर मारून घेतली की तिच्यावर थेट रंगाचे दोन हात देता येतात. प्राइमर लागतो तो फक्त जिथे खरवडून पुट्टी (भिंत गुळगुळीत करणारा पांढरा लेप) भरली असेल तेवढ्या ठिकाणी. याउलट तळमजल्यावर नवा गिलावा आणि त्यावर नवी पुट्टी होती. पुट्टी घासल्यावर तिच्यावर बारीक धूळ राहते आणि ती पाणीही भराभर शोषते. प्राइमर ती धूळ बांधून ठेवतो, शोषण कमी करतो आणि रंगाला धरायला जागा देतो. म्हणजे खरी गरज खाली होती.

प्रत्यक्षात घडले ते नेमके उलटे. वरच्या मजल्यावर आम्ही राहत होतो, तिथे आमच्या डोळ्यांदेखत प्राइमरचा पूर्ण हात मारला गेला. खाली दिवसभर कोणी नसे, म्हणून तिथे तो मारलाच गेला नाही. अपवाद फक्त देवघराचा, कारण वडील तिथे स्वतः खुर्ची टाकून बसले होते. पुट्टी पांढरी आणि प्राइमरही पांढरा असल्यामुळे संध्याकाळी खाली जाऊन पाहणाऱ्याला फरक कळणे शक्य नव्हते, आणि दाराशी प्राइमरची उघडी बादली ठेवलेली असे.

जुलै 2022 मध्ये बैठकीच्या खोलीतला रंग तळहाताएवढ्या पापुद्र्यांनी सुटू लागला. पापुद्रा उलटा केला की मागे पुट्टीची पांढरी भुकटी दिसे आणि बोटाने सहज पुसली जाई. ठेकेदाराला बोलावले तेव्हा त्याने भिंतीत ओल असल्याचे कारण दिले. ते पूर्ण खोटे नव्हते. ओल असलेल्या भिंतीवर प्राइमरही टिकत नाही, आणि नवा गिलावा किमान चार आठवडे, कोकणात तर त्याहून अधिक, वाळू द्यावा लागतो. परंतु त्याच दिवशी गिलावा केलेल्या, त्याच ओलीतल्या देवघराच्या भिंतीवरचा रंग जसाच्या तसा होता, याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते.

मग दुकानदाराकडून आमच्या नावावरची बिले मागवली. प्राइमरची 20 लिटरची एकच बादली गेली होती. बादलीवर एका लिटरला एका हातात सुमारे 100 चौरस फूट असे लिहिलेले होते, म्हणजे एका बादलीत फार तर 2,000 चौरस फूट होणार. वरचा मजला 1,800 चौरस फुटांचा आणि उरलेल्यात देवघर, एवढ्यातच बादली संपते. हा हिशेब काम चालू असताना आम्ही पाच मिनिटांत करू शकलो असतो, याचे मला आजही वाईट वाटते. खिडक्यांच्या लोखंडी जाळ्यांचेही तसेच झाले होते. समोरून रेड ऑक्साइड, म्हणजे लोखंडाचा गंजरोधक प्राइमर, दिलेला होता, पण भिंतीकडच्या बाजूला गंजावरच ऑइल पेंट फिरवलेला होता आणि एका पावसाळ्यात तो फुगून आला.

तक्रार करायला आमच्याकडे पुरावा अपुरा होता. चिठ्ठीवर फक्त ‘प्राइमरसह’ एवढेच लिहिलेले होते आणि पैसे रोख दिलेले होते. ज्यांच्याकडे लेखी दरपत्रक व बिले आहेत त्यांनी मात्र गप्प बसू नये. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्कही नाही. दरपत्रकात कोणत्या भिंतीला कोणता प्राइमर, किती हात आणि किती लिटर हे वेगवेगळे लिहून घ्यावे, आणि प्राइमर पाहिल्याशिवाय रंगाचा हप्ता देऊ नये.

फेब्रुवारी 2023 मध्ये दुसऱ्या रंगाऱ्याकडून तळमजला पुन्हा करून घेतला, त्याला 38,000 रुपये लागले. त्या वयस्कर गृहस्थांनी आपण होऊन प्राइमरमध्ये पिवळ्या स्टेनरचे (रंगात छटा आणणाऱ्या द्रवाचे) थोडे थेंब टाकले, म्हणजे कुठे हात बसला आणि कुठे राहिला हे पांढऱ्या पुट्टीवर लांबूनही दिसते. बैठकीच्या खोलीतल्या स्विचबोर्डामागे त्यांनी टीचभर जागा रंगाविना ठेवली आहे, आणि झाकण काढले की तो पिवळसर हात तिथे आजही दिसतो.