दहा मीटरचा लांब पट्टा आणि धरणाच्या काठावरचे कुत्रे

हा अभिप्राय कुत्र्यासाठीच्या १० मीटर लांबीच्या नायलॉन पट्ट्याविषयी आहे. तो घेण्यामागे माझा एकच हेतू होता. धरणाच्या काठावर, जिथे माणसे फिरायला येतात, लेकरे पाण्यात दगड भिरकावत असतात आणि भोई जाळी वाळवत बसलेले असतात, तिथे कुत्र्याला थोडा मोकळेपणा मिळावा आणि कोणाला त्रासही होऊ नये. किनाऱ्यावर कुत्रे नेऊ द्यावे की नाही, हा वाद मुंबईचा आणि कोकणचा मानला जातो. मराठवाड्याच्या वाट्याला समुद्र आलेला नाही, पण मांजरा, माजलगाव, विष्णुपुरी, येलदरी या जलाशयांचे काठ हेच आमचे किनारे आहेत आणि रविवारच्या गर्दीत तोच वाद तिथेही ऐकू येतो. त्यामुळे या पट्ट्याचे गुणदोष सांगताना त्या वादाला बगल देता येणार नाही.

पट्टा २० मिलिमीटर रुंदीच्या घट्ट विणीचा आहे. एका टोकाला हात सहज जाईल असा फास आहे आणि दुसऱ्या टोकाला स्वतःभोवती फिरणारा धातूचा आकडा आहे. फासाच्या सांध्यावर चौकोनी शिलाई असून तिच्या आत फुली मारलेली आहे. घेण्यापूर्वी हीच जागा बोटाने चाचपून पाहावी, कारण स्वस्त पट्टे नेमके तिथेच उसवतात. मला तो साडेआठशे रुपयांना पडला. आमची चंदी ही कारवान जातीची, लातूर जिल्ह्यातील जानवळची. या जातीचे कुत्रे वासापेक्षा नजरेवर चालते. दूरवर काही हलताना दिसले की ते आधी सुटते आणि मालकाची हाक नंतर आठवते. शिवाय त्याचे डोके जवळजवळ मानेइतकेच निमुळते असल्यामुळे साधा गळपट्टा मागे सरकून क्षणात डोक्यावरून निघून जातो. असे कुत्रे उघड्या काठावर मोकळे सोडणारा मालक एक तर फार धीराचा असावा किंवा फार बेफिकीर, आणि काठावर दुसऱ्याच प्रकारचे मालक जास्त दिसतात.

लांब पट्टा गळ्यात अडकवू नये, हे विकणाऱ्याने सांगायला हवे होते. वेष्टनावरही त्याचा उल्लेख नाही. कारवानसारखे कुत्रे १० मीटरचे अंतर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच कापते आणि पट्टा संपतो तेव्हा बसणारा हिसका सगळा मानेवर येतो. म्हणून आकडा छातीपट्ट्याच्या मागच्या कडीतच अडकवावा. पट्टा हाताला गुंडाळून धरू नये, कारण हिसक्यात बोटे सापडतात; मोकळा भाग घड्या घालून तळहातावर ठेवावा आणि कुत्रे पुढे जाईल तसतसा सोडत, परत येईल तसतसा आवरत राहावे. बैलाचा कासरा धरलेल्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. शहरात वाढलेल्या माणसाला ही सवय लागायला वेळ लागतो आणि तोवर पट्टा स्वतःच्याच पायांत अडकतो.

डबीत गुंडाळला जाणारा जो आपोआप लांब-आखूड होणारा पट्टा बाजारात मिळतो, त्याच्याशी तुलना करायची तर मी हाच घेईन. डबीतली दोरी बारीक असते आणि कोणाच्या उघड्या पोटरीवरून वेगाने सरकली तर कातडी सोलते. ती सतत ताणलेली राहते, त्यामुळे ओढले की पुढे जाता येते हेच कुत्रे शिकते. डबी हातातून निसटली तर ती खडखडत मागे येऊ लागते आणि भेदरलेले कुत्रे आणखी जोरात पळते. साध्या नायलॉन पट्ट्याचा हा एक मोठा गुण आहे की तो निसटला तरी मागे फरपटत राहतो आणि त्याच्या टोकावर पाय ठेवून कुत्र्याला थांबवता येते.

दोष मात्र भिजल्यावर कळतात. नायलॉन पाणी पितो आणि जड होतो, आणि मांजराच्या काठावरचा काळा गाळ त्याच्या विणीत असा बसतो की घरी येऊन तीनदा धुतला तरी बादलीतले पाणी गढूळच होत राहते. पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीवर गोखरू आणि कुसळ माजलेले असते. ते पट्ट्याला चिकटते आणि पट्टा हातातून सरकू दिला की तळहातात रुतते, म्हणून हातमोजे घालणे बरे. आकड्याच्या खटक्यात वाळू जाऊन तो अर्धवट उघडाच राहण्याचा प्रकारही घडला. दर वेळी साध्या पाण्याने धुणे आणि सावलीत वाळवणे यावर भागते. उन्हात टाकू नये, कारण उन्हाने नायलॉनचा धागा कमजोर होतो. प्लास्टिकचा मुलामा दिलेले पट्टे पाणी धरत नाहीत, पण ते महाग असतात.

आता माणसांकडे वळू. एका सकाळी काठावर चंदी जाळ्यांजवळ पडलेल्या मासळीच्या वासाने त्या बाजूला वळली. तिथे आजोबांजवळ बसलेली पाच-सहा वर्षांची मुलगी उठून त्यांच्या पाठीमागे लपली. आजोबा म्हणाले, "दादा, आवरा की तुमचं जनावर, लेकरू भिऊ लागलंय." मी पट्टा आवरून चंदीला पायाशी घेतले आणि बोलणे तिथेच संपले. चंदी मोकळी असती तर मी "काही करत नाही हो ती" असे लांबून ओरडलो असतो आणि त्या मुलीला त्याचा काडीचा उपयोग झाला नसता. आपले कुत्रे चावत नाही ही मालकाची खात्री असते. समोरच्याला ती असण्याचे काही कारण नाही. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळपास वाचतच नाही, आणि ज्या भागात मोकाट कुत्र्याच्या चाव्यानंतर तालुक्याच्या दवाखान्यात इंजेक्शनांसाठी हेलपाटे घालणे लोकांच्या अंगवळणी पडले आहे, तिथे अनोळखी कुत्रे अंगावर आल्यावर दचकणाऱ्याला भित्रा म्हणणे अन्यायाचे आहे. पिलाला तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची पहिली लस आणि पुढे ठरल्या वेळी तिची मात्रा देणे, ही काठावर येण्याची पहिली अट असावी आणि लसीकरणाचे कार्ड मागितल्यावर मालकाने नाक मुरडू नये.

मग सरसकट मनाईचा फलक लावून प्रश्न सुटेल का? मला तसे वाटत नाही. काठावर बहुतेक कुत्री मोकाटच असतात. मासळीच्या आणि सहलीच्या खरकट्यावर ती जगतात आणि त्यांना फलक वाचता येत नाही. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ यांनुसार अशा कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना सर्वसाधारणपणे पकडलेल्या जागीच परत सोडायचे असते. म्हणजे मनाईच्या फलकाने लस टोचलेले, पट्ट्यात असलेले कुत्रे तेवढे बाहेर राहील आणि बाकीची तिथेच फिरतील. खरकटे उचलण्याची व्यवस्था लावली तर फलकापेक्षा तिचा उपयोग जास्त होईल. मोकाट कुत्र्यांच्या बाबतीत लांब पट्टा अडचणीचाही ठरतो, हे सांगायला हवे. तीन-चार कुत्री चालून आली की पट्ट्यातल्या कुत्र्याला ना पळता येते, ना अंतर राखता येते आणि ते आधीच दात दाखवू लागते. अशा वेळी पट्टा पूर्ण आवरून शांतपणे काढता पाय घेणे एवढेच करता येते.

विष्ठेच्या बाबतीत मात्र मी कुत्रेवाल्यांची बाजू घेणार नाही. "शेण पडते तसेच हेही, खतच होते" हे मी सुशिक्षित माणसांच्या तोंडून ऐकले आहे. कुत्र्याच्या विष्ठेतून आकडेकृमी आणि गोलकृमी जमिनीत उतरतात, आणि आकडेकृमीच्या अळ्या तर अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरू शकतात. मांजराच्या काठावर याला आणखी एक बाजू आहे. लातूरला पिण्याचे पाणी याच धरणातून येते. हे धरण कोरडे पडल्यामुळे २०१६ च्या उन्हाळ्यात ज्यांनी मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यायले, त्यांच्यापैकी कोणी या पाण्यात पोहणारे कुत्रे पाहून संतापला तर त्याला मी दोष देणार नाही. पिशवी खिशात असावी, विष्ठा उचलावी आणि कुत्रे पाण्यात उतरवू नये. लांब पट्टा असल्यामुळे हे शेवटचे निदान आपल्या हातात राहते. उन्हाळ्यात साचलेल्या पाण्यावर हिरवट साय धरते. तिच्यात निळ्या-हिरव्या शेवाळाचे विष असू शकते आणि ते कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते, म्हणून कुत्र्याच्या हितासाठीही हेच बरे.

इथपर्यंत पट्टा आपले काम चोख करतो. जिथे तो अपुरा पडतो ती जागा पक्ष्यांची आहे आणि या वादात सगळ्यात कमी बोलले जाते ते त्यांच्याविषयीच. उन्हाळ्यात पाणी मागे सरते तशी गाळपेराची जमीन, मुरमाड उंचवटे आणि लहान बेटे उघडी पडतात. टिटवी, शेकाट्या, नदी सुरय हे पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. टिटवीचे घरटे म्हणजे खड्यांमध्ये केलेला उथळ खळगा, त्यात बहुधा चार अंडी, आणि तीही मातीच्याच रंगाची, काळपट ठिपक्यांची. दोन पावलांवरून दिसत नाहीत. टिटवीने अंडी उंचावर घातली की पाऊस चांगला, असे आमच्याकडे म्हणतात. चंदी पूर्ण आवरलेल्या पट्ट्यात माझ्या पायाशी चालत असताना एक टिटवी दूरवरून ओरडत उठली आणि आम्ही मागे फिरेपर्यंत डोक्यावर घिरट्या घालत राहिली. त्या वेळात तिची अंडी उन्हात उघडी होती. चाळिशीच्या पुढे गेलेल्या पाऱ्यात अंडी भाजू नयेत म्हणून हा पक्षी पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणतो आणि अंड्यांवर बसतो. त्याला उठवणे म्हणजे तो गारवा काढून घेणे आणि वरून कावळ्याला वाट दाखवणे. पट्टा १० मीटरचा आहे की १ मीटरचा, याने टिटवीला काहीच फरक पडत नाही. शेळ्या-म्हशी तिथून रोज जातात, त्यांच्यावरही ती ओरडते, पण कुत्रे हा तिच्या लेखी शिकारी आहे.

याला अभ्यासाचाही आधार आहे. सिडनी शहराजवळच्या जंगलात केलेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कुत्री पट्ट्यातच फिरवली होती, तरीही त्या वाटांवर पक्ष्यांच्या प्रजाती ३५ टक्क्यांनी आणि पक्ष्यांची संख्या ४१ टक्क्यांनी कमी आढळली. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणे येते. पैठणच्या जायकवाडी धरणाचा नाथसागर तर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. तिथल्या काठावर पट्ट्यात असो वा नसो, कुत्रे नेऊच नये असे माझे स्पष्ट मत आहे, आणि हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) आणि पट्टकदंब हंस हे पक्षी उतरलेले असताना तर मुळीच नाही. कोकणातही हेच. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासला कासवांची अंडी वाळूतून काढून जाळीच्या कुंपणात ठेवावी लागतात, ती कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नयेत म्हणूनही. सुट्टीत तिकडे जाणाऱ्या आमच्या लोकांनी नोव्हेंबर ते मार्च या काळात अशा किनाऱ्यांवर कुत्रे नेण्याचा हट्ट सोडावा.

बाकीच्या काठांसाठी वेळ आणि ऋतू ठरवून देणे मला शहाणपणाचे वाटते. इंग्लंडमधील अनेक किनाऱ्यांवर १ मे ते ३० सप्टेंबर या काळात कुत्र्यांना मनाई असते आणि उरलेले महिने ते किनारे खुले असतात. तिथे हा विचार मुख्यतः उन्हाळ्यात पोहायला येणाऱ्यांसाठी केलेला आहे. आपल्याकडे फेब्रुवारीअखेरपासून पावसाळा लागेपर्यंत पाण्यालगतची उघडी जमीन कुत्र्यांना बंद ठेवावी आणि धरणाच्या भिंतीकडची वहिवाटीची बाजू सकाळी नऊपर्यंत पट्ट्यासह खुली असावी. उन्हाळ्यात नऊनंतर तापलेल्या दगडमातीवर कुत्र्याला चालवणे तसेही क्रूरपणाचे आहे. हाताची मागची बाजू जमिनीवर थोडा वेळ टेकवून पाहिली की कळते. असा नियम झाला तर उन्हाळ्यात माझा हा साडेआठशेचा पट्टा बराचसा खुंटीला लटकलेला राहील. ती किंमत मला जड वाटत नाही.

पट्टा घ्यायचाच असेल तर पाच-सहा किलोच्या कुत्र्यासाठी २० मिलिमीटरची रुंदी आणि हा धातूचा आकडा दोन्ही जड पडतात. त्यापेक्षा ५ मीटरचा, कमी रुंदीचा घ्यावा. लॅब्राडॉरसारख्या वजनदार कुत्र्याला शिलाई पुरते, पण धरणारा तेवढ्या ताकदीचा हवा, आणि मुलांच्या हातात तो मुळीच देऊ नये. रंग भडक केशरी किंवा पिवळा निवडावा. माझा काळा आहे आणि काळ्या मातीवर तो समोरून येणाऱ्याला दिसत नाही, त्यामुळे लोक त्यात पाय अडकवून घेतात. छातीपट्टा वेगळा विकत घ्यावा लागतो, तो खर्च आधीच धरून चालावे.