सुरीच्या पोलादासाठी भट्टी: तयार घ्यावी, करून घ्यावी की बांधावी?

ओएचएनएस या तेलात कडक होणाऱ्या पोलादाच्या पात्याला नीट पाणी द्यायचं तर ते ७९० ते ८१५ अंश सेल्सिअसमध्ये मुरवून तेलात बुडवावं लागतं. म्हणजे हाताशी जेमतेम २५ अंश. ईएन३१ या बेअरिंगच्या पोलादाला ८२५ ते ८४५ अंश लागतात आणि त्या तापात दहा-पंधरा मिनिटं. कोळशाच्या भट्टीत रंग पाहून हे साधत नाही. गाळ्यातला उजेड बदलला की रंगही वेगळा दिसतो. चुंबक ७७०च्या आसपास पोलादाला सोडतो, पण त्यापुढचे साठ-सत्तर अंश अंदाजानेच जातात. ईएन३१ ८७०च्या वर गेलं की पोलादाचा दाणा जाड होतो, बुडवल्यावर ऑस्टेनाइट हे पोलादाचं मऊ रूप जास्त उरतं आणि नारळ फोडायच्या आधीच धारेचे टवके उडतात. म्हणून विजेची, कंट्रोलरवाली भट्टी हवी. ती आणायची कुठून, याचे मुंबईत तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग लॅबच्या तयार मफल भट्टीचा, म्हणजे बंद कप्प्याच्या विजेच्या भट्टीचा. सामान विकणाऱ्यांकडे ती चटकन मिळते, पण तिचं आतलं माप बघा: १००×१००×२२५ मिमी, १२५×१२५×२५० किंवा १५०×१५०×३००. २१० मिमी पात्याची शेफ सुरी मुठीत जाणाऱ्या भागासकट ३३० मिमीच्या आसपास भरते, म्हणजे यातल्या एकीतही ती सरळ मावत नाही. तिरकी कोंबली तर टोक एका तापात आणि टाच दुसऱ्या तापात. त्यातही दारालगतचा ५०-७५ मिमी भाग थंडच राहतो, तो हिशेबात धरायचाच नाही. भाजी चिरायच्या छोट्या सुऱ्या करणाऱ्याला मोठी मफल चालून जाईल, बाकीच्यांना नाही.

दुसरी अडचण तापाची. ‘१००० अंश’ ही पाटी कमाल तापाची असते, रोजच्या कामाचा ताप त्याहून खाली धरतात. डी२ या जास्त क्रोमियमच्या पोलादाला १०१० ते १०२५ अंशांवर अर्धा तास लागतो, एईबी-एल या स्टेनलेस पोलादाला १०६५ ते १०८०. हजारच्या पाटीची भट्टी त्यांच्यासाठी घेणं म्हणजे पैसे पाण्यात. साध्या चालू-बंद थर्मोस्टॅटवर ताप ठरलेल्या आकड्याच्या वर-खाली झोके घेत राहतो, आणि ओएचएनएसच्या २५ अंशांत तेवढे झोके बसत नाहीत. तयार भट्टी घेतलीच, तर तिचा कंट्रोलर बदलण्याचा खर्च किमतीतच धरून ठेवा.

दुसरा मार्ग म्हणजे भट्टीवाल्याकडून आपल्या मापाने करून घेणं. ज्याला वायरिंगचा हात नाही त्याने हाच धरावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. मात्र कोटेशनमध्ये सगळं लेखी मागा: आतली लांबी ४५० मिमी, रोजच्या कामाचा ताप ११०० अंश, विटा १२६० अंशांच्या इन्सुलेशन ग्रेडच्या, कॉइल कंथाल ए१ या मिश्रधातूच्या तारेची, एसएसआर (इलेक्ट्रॉनिक स्विच) चालवणारा पीआयडी, म्हणजे झोके न घेता ताप धरणारा, कंट्रोलर, दार उघडताच वीज तोडणारा लिमिट स्विच. शेवटची वस्तू बहुतेक वेळा राहून जाते.

अमेरिकेतल्या इव्हनहीट आणि पॅरागॉन या कंपन्यांच्या भट्ट्या खास सुऱ्यांसाठीच असतात आणि मापाला उत्तम आहेत. पण जहाजभाडं, कस्टम्स आणि पुढे सुट्या कॉइलची वाट पाहणं हे सगळं त्यासोबत येतं. मागवायचीच तर २४० व्होल्टचं मॉडेल मागवा. आपल्या २३० व्होल्टवर त्याची ताकद आठेक टक्के कमी पडते, तेवढी चालते.

आता तिसरा मार्ग, स्वतः बांधण्याचा. इथे पैसे वाचतात, पण त्याहून मोठा फायदा हा की दुरुस्ती कायमची आपल्या हातात राहते. गणित एकदाच नीट करा. आतलं माप ४६०×१५०×१५० मिमी धरलं तर जागा दहा लिटरच्या वर जाते, तिला ३ किलोवॉट पुरतात. २३० व्होल्टवर हे १३ अँपियर झाले, म्हणजे कॉइलचा रोध १७.६ ओहम. कंथाल ए१ची १६ गेज (१.६ मिमी) तार मीटरला सुमारे ०.७ ओहम देते, तेव्हा २५ मीटर तार लागते. १८ गेजची १४ मीटरच पुरते म्हणून तिचा मोह होतो, आणि फसगत तिथेच होते. तेवढीच वीज निम्म्याहून कमी पृष्ठभागावर येते: १६ गेजवर चौरस सेंटिमीटरला २.३ वॉट, १८ गेजवर साडेपाच. हजार अंशांवर अशी तार लवकर जळते.

८ मिमी सळईवर गुंडाळलेली ही कॉइल दाबून सव्वा ते दीड मीटर भरते. ती ओढून ३.२ मीटर करा, म्हणजे दोन्ही बाजूंच्या आणि मागच्या भिंतीत खोदलेल्या खाचांतून तिचे तीन फेरे बसतात. बाहेर येणाऱ्या शेपट्यांची तार दुहेरी पिळून घ्या, म्हणजे टोकं कमी तापतात. पहिल्यांदा तापवल्यावर कंथाल ठिसूळ होतं. नंतर थंड कॉइल सरळ करायला गेलात तर ती कट्कन तुटते.

विटा २३०×११५×७५ मापाच्या, हलक्या, हातकरवतीने कापता येतील अशा. दार, मागची भिंत आणि तुटफूट धरून तीस-पस्तीस लागतात. हार्डवेअरवाला ‘फायर ब्रिक’ म्हणून जड, पिवळट वीट पुढे करतो, ती घेऊ नका. ती आधी स्वतः उष्णता पिते, मग पात्याला देते. बाहेरून २५ मिमी सिरॅमिक ब्लँकेट गुंडाळा, आणि ते कापताना मास्क लावाच, ती धूळ फुप्फुसात जाते.

विजेचं सामान लोहार चाळीत आणि लॅमिंग्टन रोडवर मिळतं. ४० अँपियरचा एसएसआर हीटसिंकवरच बसवा. १३ अँपियरलाही तो १५-२० वॉट उष्णता सोडतो. बिघडला की तो बहुधा चालूच अडकतो, म्हणून त्याच्या आधी दोन पोलचा कॉन्टॅक्टर (दोन्ही तारा एकदम तोडणारा स्विच) हवा आणि दाराच्या लिमिट स्विचने त्या कॉन्टॅक्टरच्या कॉइलची वीज तुटायला हवी. एसएसआर एकच तार तोडतो, दुसरी जिवंत राहू शकते. चिमट्याने पातं काढताना हात कॉइलला लागला तर जीव जाऊ शकतो, म्हणून यावर तडजोड नाही. भट्टीच्या बाहेरच्या पत्र्याला अर्थिंग आणि मागे ३० मिलिअँपियरची आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) लावा.

थर्मोकपल, म्हणजे ताप मोजणारी दोन धातूंच्या तारांची जोडी, के-टाइप घ्या. त्याच्या तारा उलट जोडल्या तर ताप चढतो तसा आकडा उतरतो आणि कंट्रोलर भट्टीला आणखी पेटवत जातो. बाजारात दोन रंगपद्धतींच्या केबल मिळतात, आणि एकीत लाल तार चक्क ऋण असते. रंगावर जाऊ नका, चुंबक लावा: ज्या तारेला चिकटतो ती ऋण. थर्मोकपलपासून कंट्रोलरपर्यंत साधी तांब्याची तार टाकली तर डोक्यापाशी जितकं गरम, तितका आकडा चुकतो. सगळं जोडून झालं की लहान मुशीत चिमूटभर मीठ ठेवून ताप हळूहळू चढवा. मीठ ८०१ अंशांना वितळतं. तिथे कंट्रोलर ८१५ दाखवत असेल तर १४ अंशांची दुरुस्ती भरून टाका.

जागेचा विचारही आधीच करा. १३ अँपियर तासभर सलग ओढायचे आहेत, तेव्हा जुन्या इमारतीतल्या एसीच्या पॉइंटवर भट्टी लावू नका. मीटरपासून ४ चौरस मिमीची वेगळी तार आणि सी-कर्व्हचा २० अँपियरचा एमसीबी टाका. बिलावरचा मंजूर भारही बघून घ्या. तेलात बुडवताना उठणारा धूर घरात कोंडतो, हे काम गाळ्यातलंच आहे.

एक चौथा पर्यायही आहे. महिन्याला चार-पाच सुऱ्या आणि त्याही डी२च्या असतील, तर भट्टीच घेऊ नका. ठाणे, वसई, अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतींत व्हॅक्यूम हीट ट्रीटमेंट करणारे आहेत. ते किलोवर दर घेतात आणि किमान शुल्क असतं, म्हणून दोन-तीन जणांनी मिळून माल द्यावा. पातं खवले न पडता उजळ परत येतं. घरच्या भट्टीत हेच करायला पातं स्टेनलेस फॉइलमध्ये दुहेरी घडीने बंद करावं लागतं आणि बाहेर काढताच २५ मिमीच्या दोन अॅल्युमिनियम पाट्यांत दाबून थंड करावं लागतं.

ईएन३१ आणि ओएचएनएसवर रोज काम असेल, सोबत वायरिंग जाणणारा माणूस असेल, तर बांधाच. टेंपरिंगला (कडक पात्याचा ठिसूळपणा काढायला दिलेल्या हलक्या तापाला) भट्टी अडवू नका. १८० ते २२० अंशांना दोन-दोन तासांचे दोन फेरे स्वयंपाकघरातल्या ओटीजीतही होतात, फक्त आत वेगळा थर्मामीटर ठेवा.

पावसाळ्यात बंद राहिलेल्या भट्टीच्या विटा दमट हवा पितात. सप्टेंबरात ती एकदम ८०० अंशांना नेली तर आरसीसीबी पडते आणि विटांना तडे जातात. दार बोटभर उघडं ठेवून दोन तास १२० अंशांवर चालवा, दारातून वाफ यायची थांबली की मग पुढचा ताप लावा.