आधी कोणता लावायचा: फ्रेंच की अमेरिकन?

जेवणं आटोपलीत, रिमोट हातात आहे आणि एकाच गोष्टीचे दोन सिनेमे समोर आहेत. एक मूळ फ्रेंच, दुसरा त्याचा हॉलिवूडी अवतार. ‘मूळ तेच खरं’ असं म्हणून मोकळं होता येतं, पण मी तीन जोड्या पाठोपाठ पाहिल्या आणि तिन्हींचा निकाल वेगळा लागला.

सगळ्यात सोपा निकाल ‘ल दिने द काँ’चा (1998). ब्रोशाँ हा पॅरिसचा श्रीमंत प्रकाशक. तो आणि त्याचे मित्र दर आठवड्याला एक मेजवानी करतात. प्रत्येकाने एक मूर्ख शोधून आणायचा, ज्याचा मूर्ख सर्वात अस्सल तो जिंकला. ब्रोशाँला सापडतो पिन्याँ, करखात्यातला कारकून, जो आगकाड्यांचे आयफेल टॉवर बांधतो. नेमकी त्याच संध्याकाळी ब्रोशाँची कंबर धरते, बायको घर सोडून जाते आणि पिन्याँ मदतीला सरसावतो. तो मदत करत जातो आणि ब्रोशाँचा संसार एकेका फोनसरशी ढासळत जातो. जेमतेम 80 मिनिटं, बहुतेक सगळं एका फ्लॅटमध्ये. बबन प्रभूंचे फार्स ज्यांना आवडतात त्यांना हा बाज परका वाटणार नाही. गंमत म्हणजे ती मेजवानी दिग्दर्शक फ्रान्सिस वेबर आपल्याला दाखवतच नाही. मूर्खांच्या टेबलाशी बसून हसायची संधीच नाही, मग हसायला उरतो फक्त ब्रोशाँ.

‘डिनर फॉर श्मक्स’ने (2010) नेमकी हीच खुंटी उपटली. शेवटी भली मोठी मेजवानी घातली, लांबी अर्ध्या तासाने वाढवली आणि पॉल रडचा नायक पहिल्यापासून सज्जन केला. बिचाऱ्याला बढती हवी म्हणून तो नाइलाजाने जातो. ज्याची मुळात चूकच नाही, त्याची फजिती बघून काय मिळणार? मेलेल्या उंदरांमध्ये पेंढा भरून देखावे मांडणारा स्टीव्ह कॅरेल पाहण्यासारखा आहे, पण तेवढंच. हिंदीतला ‘भेजा फ्राय’ (2007) पाहिला असेल तर फरक लगेच कळेल. विनय पाठकचा प्राप्तिकर खात्यातला गायक आणि तो एक फ्लॅट, एवढ्यावर त्यांनी भागवलं आणि ते मूळ सिनेमाच्या कितीतरी जवळ राहिले. तेव्हा इथे फ्रेंचच. तो मिळाला नाही तर हिंदी.

‘ला काज ओ फोल’ (1978) आणि ‘द बर्डकेज’ (1996) यांच्यात मात्र मी अडखळतो. गोष्ट तीच आहे. नाइटक्लब चालवणारं समलिंगी जोडपं, त्यातल्या एकाचा मुलगा लग्नाला आलेला आणि मुलीचे वडील नीतिमत्तेचे ठेकेदार. व्याही जेवायला येणार म्हणून घराचं सोंग बदलायचं. मिशेल सेरोचा आल्बाँ टोस्टला पुरुषी ढंगाने लोणी लावायला शिकतो, तो प्रसंग अजूनही फ्रेंचमध्येच जास्त फुलतो. पण ‘द बर्डकेज’ची इलेन मे यांची पटकथा कुठेही ढिली पडत नाही. गोष्ट सेंट ट्रोपेहून मायामीच्या साउथ बीचला नेल्यावर सासरेबुवा अमेरिकन सिनेटर होतात आणि जीन हॅकमनच्या मख्ख चेहऱ्यामुळे त्यांना धारही येते. रॉबिन विल्यम्सने भडक भूमिका नेथन लेनला सोडून शांत जोडीदार रंगवला, हा शहाणपणा. सबटायटल्सचा कंटाळा असेल तर ‘द बर्डकेज’ बेलाशक लावा.

तिसऱ्या जोडीत मी सरळ अमेरिकेच्या बाजूने. ‘ला फामिय बेलिए’मध्ये (2014) आई, बाप, भाऊ तिघंही बहिरे आणि गाणारी मुलगी तेवढी ऐकू येणारी. घरचा धंदा शेतीचा, वडील निवडणुकीला उभे राहतात. सिनेमा गोड आहे, पण आई-वडिलांच्या भूमिकांत ऐकू येणारे नट आहेत आणि त्यांच्या खुणांना थोडा नाटकी वास येतो. ‘कोडा’त (2021) मार्ली मॅटलिन, ट्रॉय कॉट्सर आणि डॅनियल ड्युरंट हे तिघंही बहिरे कलाकार. शेतीच्या जागी मॅसॅच्युसेट्समधल्या ग्लॉस्टरची मासेमारी येते आणि बोटीवर ऐकू येणारं कोणी का लागतं हे न सांगता कळतं. ऑस्करची तीन नामांकनं होती, तिन्ही मिळाली. त्यात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचंही होतं. मुलगी मंचावर गात असताना आवाज बंद करून प्रेक्षकाला आई-बापाच्या जागी बसवण्याची कल्पना मात्र मूळ फ्रेंच सिनेमातलीच. श्रेय ज्याचं त्याला.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. तीन ब्रह्मचारी आणि दारात सोडलेलं तान्हं बाळ हवं असेल तर लेनर्ड निमॉयचा (होय, ‘स्टार ट्रेक’मधला स्पॉकच) ‘थ्री मेन अँड अ बेबी’ (1987) मुलाबाळांसकट बघता येतो. कोलीन सेरोचा 1985 चा मूळ सिनेमा त्याहून संथ आणि खरा, रात्री जागून दूध पाजलेल्या बापांनी तोच बघावा. ‘ले व्हिझितर’मधले (1993) मध्ययुगातून आलेले सरदार आणि नोकर ‘जस्ट व्हिझिटिंग’मध्ये (2001) शिकागोला पोचतात. दोन्हीकडे नट तेच, झाँ रेनो आणि क्रिस्तियाँ क्लाव्हिए. इंग्रजीत बोलायला लागल्यावर त्यांचं काय झालं, ते पहिल्या पंधरा मिनिटांत दिसतं. पुढे बघायची गरज नाही.