ब्लॅकवूड की वॉलहॅला?

मेलबर्नहून निघायचं, गाडी साधी एसयूव्ही, मागच्या सीटवर भारतातून आलेले आई-बाबा. कच्च्या रस्त्याची हौस आहे, पण गाडी ओढून काढायची वेळ नको. अशांनी व्हिक्टोरियातल्या सोन्याच्या मुलखात कुठे जावं?

ब्लॅकवूड सव्वा-दीड तासावर. ग्रीनडेल सोडलं की वॉम्बॅटचं जंगल लागतं. ओब्रायन्स रोड हा खडीचा रस्ता वळणं घेत लेर्डरडर्ग नदीवर उतरतो. कोरड्या दिवसांत फोर-व्हील ड्राइव्ह लागत नाही. पाऊस पडून गेला असेल तर मात्र आतल्या मातीच्या वाटा साबणासारख्या होतात, तिकडे वळूच नका. १८५० च्या दशकात इथे सोनं सापडलं तेव्हा खाणकऱ्यांनी नदीच वळवली. डोंगराच्या सोंडेतून बोगदा खणून पाणी पलीकडे काढलं आणि उघड्या पडलेल्या पात्रातली रेती धुतली. बोगदा अजून आहे, पायवाटेने जाऊन बघता येतो. गावातल्या खनिजयुक्त झऱ्याचं पाणी जरूर चाखा. आमच्या आईने एक घोट घेतला आणि म्हणाली, "सोड्यात खिळा बुडवलाय का?"

वॉलहॅला सुमारे १८० किलोमीटर, म्हणजे अडीच तास. गंमत अशी की गावापर्यंत डांबरीच रस्ता आहे. कच्चा सुरू होतो तो पुढे, अ‍ॅबरफेल्डीकडे. अरुंद, एका बाजूला दरी. रस्ता अवघड नाही, पण शेजारी बसणाऱ्याचा जीव वरखाली होतो. गोष्ट मात्र वॉलहॅलाचीच सरस. १८६३ च्या आसपास वसलेलं गाव, रेल्वे पोचली १९१० मध्ये आणि मोठी खाण बंद पडली १९१४ मध्ये! वीजजोडणी तर थेट १९९८ साली. दरीत सपाट जागाच नाही, म्हणून क्रिकेटचं मैदान डोंगरमाथा कापून केलंय. गुडघे दुखत असतील तर त्याचं वर्णन खालूनच ऐका.

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी ब्लॅकवूडच सांगेन. वॉलहॅलाला एक मुक्काम हवा, नाहीतर सगळा दिवस हायवेवरच जातो. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत जंगलातले बरेच ट्रॅक बंद असतात, तेव्हा आधी बघून निघा. आणि दोन्हीकडे पायवाट सोडून झुडपांत शिरू नका, जुन्या खाणींची तोंडं नेच्यांखाली दिसत नाहीत.