स्वतःचा ईटीपी की सीईटीपीचं सभासदत्व?

रबाळे एमआयडीसीत भाच्याचा क्रोम प्लेटिंगचा (धातूच्या भागांवर क्रोमचा मुलामा चढवायचा) छोटा गाळा आहे. "मामा, सांडपाणी शुद्ध करायला स्वतःचा पूर्ण प्लांट (ईटीपी) टाकू की सीईटीपीत, म्हणजे अनेक कारखान्यांच्या सामाईक प्लांटमध्ये, पाणी देऊ?" म्हणून तो महिनाभर अडलाय.

आधी एक गैरसमज काढतो. सीईटीपी घेतला तरी क्रोम गाळ्यातच काढावा लागतो. सामाईक प्लांटमधले जिवाणू जड धातूंनी मरतात. सहासंयुजी, म्हणजे विषारी रूपातल्या, क्रोमियमचं पाणी आम्ल टाकून पीएच 2-3 वर आणायचं, मग क्रोमचं रूप बदलणारं मेटाबायसल्फाइट हे रसायन घालायचं. बीकरमधलं पिवळं पाणी डोळ्यांदेखत हिरवट होतं. नंतर चुन्याने पीएच 8-9 वर नेलं की गाळ खाली बसतो. तो तळोज्याच्या घातक कचरा केंद्राकडे जातो. हा खर्च दोन्हीकडे सारखाच.

फरक पुढे पडतो. पूर्ण प्लांटला फिल्टर, कार्बन, आरओ, शिवाय आरओच्या खारट पाण्यासाठी बाष्पीभवन लागतं. जागा, वीज आणि रोज लक्ष घालणारा माणूस, तिन्ही हवेत. मोबदल्यात प्लेटिंगचे भाग धुण्याचं पाणी परत वापरता येतं. सीईटीपीत सभासद शुल्क आणि पाण्यानुसार आकार. डोकेदुखी कमी, पण पाणी कायमचं गेलं.

पाणी थोडं आणि गाळा लहान, तर सीईटीपी घ्या. भाच्याला मी तेच सांगितलं. धुण्याचं पाणी भरपूर असेल, टँकर मागवावा लागत असेल आणि पगारी ऑपरेटर परवडत असेल, तर स्वतःचा प्लांट. मात्र क्रोम न काढता पाणी नाल्यात सोडणं हा तिसरा पर्याय नाहीच. नाला ठाणे खाडीला मिळतो, तिथे फ्लेमिंगो उतरतात.