अल्टेग्रा डीआय-टू : आठ महिने, एक पावसाळा आणि खंबाटकीत अडकलेली मोठी चेनरिंग

सायकलची फ्रेम आधी घेतली आणि ग्रुपसेटचा, म्हणजे गिअर, ब्रेक आणि साखळीच्या संचाचा, घोळ दोन महिने घातला. समोर तीन पर्याय होते : शिमानो ड्युरा-एस, शिमानो अल्टेग्रा आर 8100 आणि स्रॅम फोर्स एएक्सएस. कॅम्पॅग्नोलो या तिसऱ्या कंपनीच्या ग्रुपसेटवर जीव जडला होता, पण आमच्या ग्रुपमध्ये ती कुणाकडेच नाही. उद्या काही अडलं तर विचारायचं कुणाला? म्हणून ती यादीतून गेली.

ड्युरा-एस लवकर बाद झाली. अल्टेग्रालाही तेच 12 गिअर, तेच मोटरवर चालणारे डिरेलर, म्हणजे साखळी एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारे भाग (डीआय-टू हे शिमानोच्या याच बॅटरीवरच्या यंत्रणेचं नाव). फरक पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपासचा, म्हणजे अर्ध्या बाटली पाण्याएवढा. माझ्या पोटाकडे बघता तेवढ्यासाठी इतके पैसे टाकायची मला लाज वाटली.

खरी झुंज अल्टेग्रा आणि फोर्समध्ये होती, आणि तिचा निकाल लावला जुन्या चाकांनी. ती 11 स्पीडची, म्हणजे मागे 11 गिअरची. अल्टेग्राची 12 स्पीड कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांचा संच, त्यांच्या फ्रीहबवर (तुंब्याच्या ज्या भागावर कॅसेट चढते तो) सरळ बसते. स्रॅमची कॅसेट 10 दात्यांपासून सुरू होते, तिला एक्सडीआर नावाचा वेगळा फ्रीहब लागतो. म्हणजे ग्रुपसेटबरोबर चाकांचाही खर्च. गिअर किती सफाईने पडतात यावर मी रात्र-रात्र व्हिडिओ पाहिले होते, आणि ठरवलं ते चाकाच्या तुंब्याने!

आता आठ महिने आणि 5,400 किलोमीटर झालेत. पुढे पायडलजवळ 50 आणि 34 दात्यांच्या दोन चेनरिंग, मागे 11 ते 34 दात्यांची कॅसेट. सिंहगडाच्या चढावर पुढच्या 34 ला मागे 34, म्हणजे पायडलचा एक फेरा तर चाकाचाही एकच फेरा. पन्नाशीच्या गुडघ्यांना याहून जड नको. मित्राच्या फोर्सवर 35 ला 36 आहे, ते आणखी किंचित हलकं. उतारावर त्याचं 48 ला 10 माझ्या 50 ला 11 पेक्षा पुढे जातं, पण बोपदेव घाट उतरताना माझा हात पायडलपेक्षा ब्रेकवरच जास्त असतो.

गिअर बदलण्याबद्दल एवढंच सांगतो : चढावर जोर न सोडताही पुढची चेनरिंग बदलते. केबलच्या जुन्या सायकलवर तिथे पाय सैल सोडायचो, तरी खडखडाट व्हायचा.

आता खंबाटकीची गोष्ट, यात दोष सगळा माझा. वाईला निघालो होतो. घाट लागायच्या आधी पुढचा डिरेलर गप्प झाला. बॅटरी संपत आली की ही यंत्रणा आधी पुढचा डिरेलर बंद करते आणि उरलेली ताकद मागच्यासाठी राखते. शहाणपणाचंच आहे, फक्त माझी साखळी तेव्हा मोठ्या चेनरिंगवर होती. अख्खा घाट 50 ला 34 वर, तिरक्या साखळीने, उभं राहून चढलो. पसरणी घाट त्या दिवशी रद्द. बरोबर पॉवर बँक होती, पण चार्जिंगची केबल शिमानोची वेगळी असते, फोनची चालत नाही, आणि ती घरी. बायको म्हणाली, "फोन रोज रात्री न चुकता लावतोस, सायकल दोन महिने कशी विसरलास?" उत्तर नव्हतं.

फोर्सवर ही वेळ आली नसती. तिथे दोन्ही डिरेलरवर सारख्याच छोट्या बॅटऱ्या असतात. मागची संपली तर पुढची काढून मागे लावायची. मित्र परगावी होता तेव्हा पंधरा दिवस त्याची सायकल चालवली. उजवा दांडा दाबला की जड, डावा दाबला की हलका, दोन्ही एकदम दाबले की पुढची चेनरिंग. भर पावसात जाड हातमोजे घालूनही चूक होत नाही. माझ्याकडे एका शिफ्टरवर (हँडलवरच्या गिअर बदलायच्या दांड्यावर) दोन बटणं शेजारी-शेजारी आहेत, आणि ताम्हिणीत भिजल्यावर माझ्या जाड बोटांनी दोनदा भलतंच बटण दाबलं. ही गोष्ट मला आधी कळली असती तर कदाचित चाकांचाही खर्च केला असता.

पण साखळी बदलायची वेळ आली तेव्हा पुन्हा मन पालटलं. पावसाळ्यानंतर, 3,800 किलोमीटरवर साखळीची झीज मोजायची पट्टी आत गेली, म्हणजे साखळी झिजली होती. शिमानोची 12 स्पीड साखळी माउंटन बाइकलाही तीच चालते, त्यामुळे दुसऱ्याच दुकानात मिळाली. मित्राला चपट्या कडेची खास साखळी लागते, ती त्याने मागवून घेतली.

ब्रेकचं तेल हा मुद्दा खरेदीच्या वेळी कुणी बोलत नाही. माझ्यात मिनरल ऑइल, त्याच्या फोर्समध्ये डॉट. डॉट हवेतला ओलावा शोषतं आणि रंगावर सांडलं तर रंग खातं. एकाच्या जागी दुसरं घातलं की सील गेले. एका दुकानात मेकॅनिक माझ्या सायकलजवळ डॉटची बाटली घेऊन आला तेव्हा मी अक्षरशः हात आडवा घातला. तेव्हापासून ब्लीड, म्हणजे ब्रेकचं तेल बदलून आतली हवा काढणं, घरीच करतो. पहिल्या खेपेला गॅलरीची फरशी तेलकट झाली, दुसऱ्या खेपेला जमलं.

केबल आता सीटखालच्या पिशवीत कायम असते. रेझिनचे ब्रेक पॅड पावसातल्या चिखलाने निम्म्यावर आलेत, पुढच्या जूनआधी बदलायचे म्हणून दोन जोड आणून ठेवलेत.